क्रीडा पत्रकार व्हायचंय ना? मग हे ऐक

अगं, काकांचा फोन येऊन गेला. रागावले नव्हते, काळजीत होते. ‘पोरगी म्हणते क्रीडा पत्रकारिता शिकायचीय. अशी डिग्री असते का, आणि असली तरी त्यावर पोट भरतं का?’ त्यांना द्यायचं ते उत्तर मी दिलं. तुझ्याशी बोलायचंय ते जरा वेगळं आहे, लांबलचक आहे आणि फोनवर नीट होत नाही. म्हणून लिहितेय.

तुझा निर्णय मला मनापासून आवडला. तुला मॅच बघायला आवडते म्हणून नव्हे, ती सगळ्यांनाच आवडते. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, घरात सगळे नाचत होते, आणि तू मला विचारलंस की या मुली लहान होत्या तेव्हा त्यांना सरावाला मैदान कोण देत होतं? हा प्रश्न पत्रकाराचा आहे. तो ज्याला पडतो त्याने या वाटेला जावं.

आता डिग्रीचं. इंग्लंडमधल्या कितीतरी विद्यापीठांत ‘क्रीडा पत्रकारिता’ याच नावाची तीन वर्षांची पदवी मिळते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खेळ हा पत्रकारितेच्या अभ्यासक्रमातला एखादा पेपर किंवा एखाद्या पेपरमधला एखादा भाग असतो. शिवाय खासगी संस्थांचे छोटे कोर्स आहेत, त्यांच्या माहितीपत्रकावर कॉमेंट्री बॉक्सचे फोटो असतात आणि फी ऐकून काकांना घाम फुटेल. माझं मत विचारशील तर नावाच्या मागे धावू नकोस. पत्रकारिता शिकवणारा पक्का अभ्यासक्रम घे आणि खेळ त्यात तू स्वतः आण. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, तुमच्या कराडहून तेच जवळ. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी आहे, ज्याला लोक अजून बीएमएमच म्हणतात, तिथे तिसऱ्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात हे निवडायचं असतं. पदवीनंतरचा विचार असेल तर अमरावतीला आयआयएमसीच्या केंद्रात मराठी पत्रकारिता शिकता येते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत बघून भुलू नकोस. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ, कँटीनमध्ये बसव आणि विचार: तुमचं लिहिलेलं कोण तपासतं? तपासलेला कागद परत मिळतो का, की नुसते मार्क? इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की ज्याची त्याने शोधायची? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी वृत्तपत्रात किंवा चॅनलमध्ये काम केलंय? लाल शाईने भरलेला स्वतःचा कागद हातात पडणं, हे या तीन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण आहे. ते जिथे मिळतं तिथे जा, मग ते गाव लहान असलं तरी चालेल.

पत्रकारिता आधी, खेळ नंतर असं मी का म्हणते, ते सांगते. क्रीडा पानावरची मोठी बातमी कितीतरी वेळा मैदानावर घडतच नाही. पॅरिस ऑलिंपिक आठव. विनेश फोगाटने ५० किलो गटात टोकियोच्या सुवर्णविजेत्या युई सुसाकीला हरवलं, त्याच दिवशी अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून ती स्पर्धेबाहेर गेली. त्या दिवशी देशभर काय काय बोललं गेलं! कट आहे, घातपात आहे, निदान रौप्य तरी द्या. वाचकाला खरी गरज होती ती माहिती नियमपुस्तकात होती. एका गटाच्या लढती दोन दिवस चालतात, दोन्ही सकाळी वजन होतं आणि दुसऱ्या सकाळी जो वजनात बसत नाही त्याला थेट शेवटचा क्रमांक मिळतो, आदल्या दिवशी तो कितीही जिंकलेला असो. १४ ऑगस्ट २०२४ ला क्रीडा लवादाने तिचं अपील फेटाळलं. ज्या बातमीदाराने तो नियम आधीच वाचून ठेवला होता, त्याचा वाचक त्या आठवड्यात भरकटला नाही. आणि याच विनेशची त्याआधीची, २०२३ मधली जंतरमंतरची लढाई घे. तिथे एकही डाव पडला नाही. तिथे होते पोलिस, एफआयआर, कोर्ट आणि कुस्ती महासंघाची घटना. ज्याला एफआयआर वाचता येत नाही, त्याने ती बातमी कशी द्यायची?

म्हणून कायद्याच्या पेपरला कंटाळू नकोस. अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, माहिती अधिकार हे सगळं तुला लागणार आहे. माहिती अधिकाराचा अर्ज तर विद्यार्थी असतानाच कर. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला विचार, की तालुका क्रीडा संकुलासाठी किती निधी आला, किती खर्च झाला, कशावर झाला. उत्तर येवो न येवो, तो अर्ज लिहिताना तुला कळेल की प्रश्न किती नेमका विचारावा लागतो.

आता खेळाकडे येऊ. इथे माझा एक हट्ट आहे आणि तो तू पाळावास असं मला फार वाटतं. क्रिकेट सोडून एक खेळ निवड आणि तो मुळापासून शिक. क्रिकेट तुला येतंच, प्रत्येक डेस्कवरच्या प्रत्येकाला येतं. पण स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीला कॅमेरे धावले, आईवडिलांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं, तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता हेही सगळ्यांनी सांगितलं. ते सांगायलाच हवं होतं. पण ५० मीटर रायफल थ्री पोझिशन म्हणजे काय? गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, मग उभं राहून नेम धरायचा. उभ्याने नेम धरणं सगळ्यात अवघड, कारण कोपराला जमिनीचा किंवा गुडघ्याचा आधार नसतो, आणि पदकांचा निकाल तिथेच लागतो. ४५१.४ गुण म्हणजे चांगले की बरे? हे सांगणारे थोडे होते. जो कोणी त्या संध्याकाळी हे मराठीत सोपं करून लिहू शकला असता, त्याची कॉपी संपादकांनी पहिल्या पानावर घेतली असती. तसंच नागपूरच्या दिव्या देशमुखचं. जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. नॉर्म पूर्ण न करता थेट ग्रँडमास्टर कशी झाली, हे वाचकाला त्याच दिवशी हवं होतं, आणि उत्तर बुद्धिबळ महासंघाच्या नियमात होतं: ही स्पर्धा जिंकणाऱ्याला तो किताब मिळतोच.

तू कबड्डी निवड असं मी सुचवेन, कारण ती आपल्याकडे गल्लीत आहे आणि तुला कुठलाही पास लागत नाही. कशी शिकायची ते सांगते. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. प्रत्येक चढाईला एक ओळ: चढाईपटूचा नंबर, समोर किती जण उभे, काय घडलं, गुण किती झाले. बोनस घेतला तर ‘ब’, पकड झाली तर ‘प’, रिकामा परतला तर आडवी रेघ. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो, त्यामुळे माणसं मोजायची सवय आपोआप लागते. सुरुवातीला हात मागे पडेल, लिहीपर्यंत पुढची चढाई सुरू होईल. होऊ दे. मोबाइलवर शूटिंग करत बसू नकोस, त्याने डोळा आळशी होतो.

मॅच संपली की लगेच कर्णधाराकडे पळू नकोस. आधी वही वरून खाली वाच. समज, १८-११ ने पुढे असलेला संघ शेवटी ३०-३१ ने हरलाय. मॅच कुठे फिरली? वहीतली ती ओळ शोध. समोर तिघीच उरल्या होत्या, आता लोण चढणार, म्हणजे अख्खा संघ बाद होणार, असं सगळं मैदान धरून चाललं होतं आणि नेमक्या त्या वेळी त्या तिघींनी चढाईपटूला धरलं. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेली पकड म्हणजे सुपर टॅकल. एकाऐवजी दोन गुण, बाहेर बसलेला एक गडी आत, आणि लोणाचे दोन गुण वाचले ते वेगळेच. तुझा इंट्रो त्या ओळीत आहे. ‘अमुक संघाने तमुक संघावर एका गुणाने थरारक विजय मिळवला’ हे वाक्य आपल्या पानांवर इतक्या वेळा छापून आलंय की वाचकाची नजर त्यावरून घसरते. ‘थरारक’ तर खोडूनच टाक. त्या तिघींपैकी जिने घोटा धरला तिच्याकडे जा आणि विचार, की चढाईपटू कुठल्या पायावर वळणार हे तुला आधीच माहीत होतं का? ती बोलायला लागेल. ‘कसं वाटतंय?’ म्हणून विचारलंस तर ‘खूप छान वाटतंय, सगळं श्रेय प्रशिक्षकांना’ एवढंच मिळेल आणि त्यात तिचा काही दोष नसेल.

कुस्तीही सोडू नकोस, आपला भागच तो. तालमीत जा, वस्तादांना नमस्कार कर, एका कोपऱ्यात बस. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी हे डाव पुस्तकातून कळत नाहीत, पोरांना ते टाकताना पाहिलं की कळतात. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते तुला आठवत असेल. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी चितपट दिली, हरलेल्या मल्लाचं म्हणणं की दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, आणि प्रकरण पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेलं. लाथेचा व्हिडिओ सगळ्यांनी दाखवला. बातमीदाराचं काम त्यापुढचं होतं. चितपटीचा नियम नेमका काय, व्हिडिओ तपासून बघायची मागणी कधी करता येते, दिलेला निर्णय बदलायचा अधिकार कुणाला, आणि दोन्ही मल्लांच्या वस्तादांचं म्हणणं काय? लाथ मारणं चूक, हे एका वाक्यात सांगून होतं. वाचकाला पुढच्या पाच वाक्यांची गरज असते.

जुनं वाचायची सवय लाव. कराडपासून हाकेच्या अंतरावर गोळेश्वर आहे. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. एखाद्या जुन्या ग्रंथालयात १९५२ च्या जुलै-ऑगस्टच्या दैनिकांच्या फायली मिळतात का बघ. त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण होतं. हॉकीला किती जागा दिली, खाशाबांना किती, कुठल्या पानावर, हे पट्टीने मोज. कॉलेजचा प्रकल्प म्हणून हे केलंस तर तुझ्या शिक्षकांनाही नवं काही वाचायला मिळेल. आणि वि. वि. करमरकर कोण होते ते वाच. २०२३ मध्ये ते गेले. महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी मराठी वाचकाला खेळाचं हक्काचं पान दिलं, आणि त्या पानावर क्रिकेटइतकाच मान कबड्डी-खो-खोला दिला. आज आम्ही ज्या पानावर काम करतो ते त्यांच्यामुळे आहे असं मी मानते.

आता आपल्या दोघींपुरतं बोलते.

मुलगी म्हणून काय होतं? होतं. एका मैदानावर गळ्यात कार्ड असतानाही मला दारावर विचारलं गेलं, ‘कुणाबरोबर आलात?’ मी कार्ड दाखवलं, आत गेले आणि कामाला लागले. असे प्रसंग येतात, पण तुझ्यापुढे चालून गेलेल्या बायका आहेत. १९७७ मध्ये मेलिसा लुडके नावाच्या अमेरिकन पत्रकार मुलीला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये मुलाखतीला जाऊ दिलं नाही. पुरुष पत्रकार मात्र आत होते. ती कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये जिंकली. आपल्याकडे शारदा उग्रा यांचं लेखन वाच, इंग्रजीत आहे, पण वाचच. खेळाच्या संघटनांना अडचणीचे प्रश्न शांत आवाजात कसे विचारावेत, ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

व्यवहाराचं एवढं लक्षात ठेव. बाहेरगावी स्पर्धेला जाताना राहायची सोय आयोजकांवर सोडू नकोस, कॉलेजची किंवा ऑफिसची असू दे. रात्री कुठे आहेस ते डेस्कवरच्या एकाला आणि घरातल्या एकाला माहीत असू दे. मुलाखतीला खोलीवर बोलावलं तर लॉबीत भेटू म्हण. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, हा २०१३ चा कायदा आहे. इंटर्न म्हणून गेलीस तरी तो तुला लागू आहे. रुजू झाल्यावर समितीत कोण आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेव.

आणि तुझ्यापेक्षा लहान असतील त्यांची काळजी तू घे. शालेय स्पर्धांमध्ये तू चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींशी बोलणार आहेस. प्रशिक्षक किंवा पालक जवळ असू देत. हरून रडणाऱ्या मुलीचा फोटो छापण्याआधी दोनदा विचार कर. एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी असेल तर तिची ओळख कळेल असं काहीही, नाव, शाळा, संघातली जागा, लिहायचं नाही. पॉक्सो कायद्यात ती बंदी आहे. लहान गावात ‘तालुका संघाची कर्णधार’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर तुलाही देते. सुरुवातीला पगार कमी असतो. क्रीडा डेस्क दुपारी उशिरा सुरू होतं आणि शहर आवृत्तीचं पान सुटेपर्यंत मध्यरात्र उलटते. डाक आवृत्तीला मॅच अर्धीच जाते, मग पुन्हा सगळं बदलायचं. रविवार कामाचा, कारण खेळ रविवारी असतात. दिवाळीत मॅच असली तर दिवाळी डेस्कवर. जागा थोड्या आहेत, म्हणून एकट्या छापील पानाच्या भरवशावर राहू नकोस. बोलायला शीक, आवाज दे, व्हिडिओचं संपादन शीक, आकडेवारीचा तक्ता बनवायला शीक. इंग्रजी सुधार, कारण नियमपुस्तकं आणि लवादाचे निकाल इंग्रजीत येतात, पण लिही मराठीत, कारण खेळाडूची आई मराठीत वाचते. पुढे एखाद्या फ्रँचायझीने किंवा संघटनेने माध्यम विभागात बोलावलं आणि तू गेलीस तर त्यात कमीपणा नाही. पगार बरा असतो. तिथे मात्र संघाची बाजू मांडणं हे तुझं काम असेल. दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येत नाही. तसंच आयोजकांनी पाकीट किंवा भेटवस्तू दिली तर नम्रपणे परत कर, पहिल्याच वेळी कर. प्रवासाचा खर्च त्यांनी केला असेल तर बातमीखाली तसं लिही.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, तोवर थांबायचं कारण नाही. येत्या रविवारी जवळपास कुठे खो-खोची, कबड्डीची, ॲथलेटिक्सची जिल्हा निवड चाचणी असेल तर शोध आणि सकाळी पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत थांब. सोबत वही आणि दोन पेनं. सगळ्या नावांची स्पेलिंग त्या त्या मुलीला विचारून घे, आडनावं तर नक्की. तीनशे शब्द लिही आणि रात्री नऊच्या आत मला पाठव. मी त्यातले शंभर कापून परत देईन, आणि कुठले का कापले ते प्रत्येक ठिकाणी लिहून देईन.